ट्रॅक्टरवर सुलभाताई

वाशी, १४ ऑक्टोबर १९८४

गवत कापायचं नवं मशीन ढकलून कंबर धरते म्हणून यांनी ते देऊन टाकलं आणि पनवेलच्या एका नर्सरीतून बसून गवत कापायचा जुना, छोटा ट्रॅक्टर आणला. मी नाक मुरडलं. तरी त्याच्या फाटक्या सीटला माझ्या निळ्या साडीचं कव्हर शिवून दिलं. आज संध्याकाळी त्यावर बसलं कोण? शेजारच्या सुलभाताई! मागच्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या. हे बाजूने धावत होते. "क्लच हळू सोडा... हां, शाब्बास!" लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी शाब्बास म्हणाले?

जेवताना विचारलंच, "मला का नाही बसवलंत?"

"अगं, तूच त्याला भंगार म्हणालीस ना?"

म्हणाले होते. म्हणून काय झालं? पहिला मान घरच्या माणसाचा नाही? आणि बसल्या त्याही माझ्याच साडीवर. बाई वाईट नाहीत, पण हसतात फार.

"उद्या सकाळी मला शिकवा," मी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

"कुंपणाच्या भिंतीला धडकवशील."

धडकू दे. भिंत सुलभाताईंच्या बाजूचीच आहे.