बेंजो थांबला तेव्हा

नेरूळ गाव,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. गोजराताईस,
धाकट्या धर्मराजचा सा. न. वि. वि.

उन्नती सासरी रुळली. तिच्या हातची सुकटीची चटणी उरणच्या मंडळींना झोंबते म्हणे. मी जावयाला म्हटलं, पंधरा दिवस पाणी पिऊन काढा, मग जिभेला वळण लागेल. लग्नात तू गायलेल्या धवल्यांचं कौतुक अजून चालू आहे. तुला स्वतःला ऐकू येत नसताना तू सुरात कशी गातेस, हे व्याह्यांना कोडं पडलंय. मी सांगितलं, लहानपणापासून ताईने दुसऱ्या कुणाचं ऐकलंच नाही, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

तुझ्या मोबाइलवर लिहून पाठवलं तर तुला अक्षरांच्या मुंग्या दिसतात, म्हणून हे पत्र मिथुनबरोबर देतोय. वर्कशॉपमधून सुटला की घरी येऊन देईल. तुझ्या या थोरल्याने वाटेत फोडून वाचलं तर मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेल, हे त्याला सांगून ठेवलंय.

तुझ्या धाकट्याच्या, धनेशच्या नावाने तक्रार झाली ते तुझ्या कानावर, म्हणजे तुझ्या डोळ्यांवर, आलंच असेल. आपल्या गल्लीतली पाळणाघरवाली संघमित्रा, उन्नतीची मैत्रीण, तिने केली. त्याच्या वॉर्ड ऑफिसात चौकशी लागली आहे. होईल काय ते.

इथे नंदकिशोरच्या सलूनमध्ये रोज एकच विषय. पैसे खाणाऱ्या साहेबांना शिक्षा काय द्यावी? उदयसिंह म्हणाला तोंडाला काळं फासा. त्याला कुणी दाद दिली नाही, त्याचे स्वतःचे केस त्याच घडीला काळे होत होते. मी म्हटलं, ज्याने गटार उकरून ठेवलं त्याला एक पावसाळा त्या गटाराशेजारी तळमजल्यावर ठेवा, बायकामुलांसह. ज्याने उद्या या, उद्या या केलं, त्याच्या मुलीच्या लग्नात भटजींनी अक्षता हातात घेऊन उद्या या म्हणावं. पण पैज मारली ती नंदकिशोरने. तो म्हणतो मला फक्त अर्धा तास द्या. साहेबाची अर्धी दाढी करणार, अर्धी मिशी उडवणार, आणि सांगणार की वस्तरा वर सहीला गेलाय, सोमवारनंतर चौकशी करा.

हसून हसून एकाला वस्तरा लागला.

तब्येत जप. गुडघ्याला तेल लाव. लोभात कपात करू नये, इतकीच विनंती.

तुझा,
धर्मराज

*

खांदेश्वर,
दि. १५ फेब्रुवारी २०२५

चि. धर्मास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र पावलं. मिथुनने फोडलेलं नव्हतं, पण उजेडाकडे धरून बघितलं असावं, तेवढा तो तुझा भाचा आहेच.

धर्मा, तू लहानपणी मिठागरात टोपली उचलायचा कंटाळा आला की बाबांना गोष्ट सांगायला लागायचास. गोष्ट संपेपर्यंत भरती यायची आणि काम राहायचं. आता वर्कशॉपचा मालक झालास, गळ्यात चेन आली, तरी सवय गेली नाही. सलूनमधल्या शिक्षांना अख्खं पान दिलंस. दुसऱ्यांच्या पोरांना गटारात बसवलंस, त्यांच्या मिश्या उडवल्यास. माझ्या पोऱ्याला एक ओळ, होईल काय ते.

मला ऐकू येत नाही, डोळे मात्र चांगले आहेत. मी कुणाकडे गेले की बायका बोलायच्या थांबतात आणि माझ्याकडे बघून हसतात. तुझी बायको परवा आली होती. मी विचारलं, हळदीच्या मांडवात धनेश त्या संघमित्राला काय बोलला? तिने हाताने बेंजो वाजवून दाखवला, म्हणजे आवाज होता, कुणाला काही ऐकू आलं नाही. चुलत दिरांना विचारलं, त्यांनीही बेंजो वाजवला. माझ्या घरात इतकी वाजंत्री कधी जमली नव्हती. बहिरी मी एकटी आहे की सगळा मांडव?

धनेशला विचारलं. त्याने मला कागदावर लिहून दिलं की आई, मी तिला जेवून जा म्हणालो, तिचा गैरसमज झाला. जेवून जा म्हटल्यावर कुणी तक्रार करतं का रे? माझा पोऱ्या शिकला, इंजिनियर झाला, पण खोटं बोलायला अजून आईकडेच येतो.

तुला चौकशीत बोलावलं आहे, ते मला मिथुनने सांगितलं. आमच्याकडचे सगळे म्हणतात की धर्माने एवढंच सांगावं, बेंजो वाजत होता, मला ऐकू आलं नाही. घरातला पोऱ्या आहे, नोकरीचा प्रश्न आहे, पुढे लग्न आहे. मी कुणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. बहिरेपणाचा एवढा एकच फायदा.

पण तू मला लिही. तुझे कान गावात सगळ्यांत तिखट. तो काय बोलला ते जसंच्या तसं लिही, साखर घालू नकोस, मला डॉक्टरने बंद केली आहे.

मायेत अंतर पडू देऊ नको.

तुझी,
ताई

*

नेरूळ गाव,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

ती. गोजराताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो. बायकोने विचारलं, कसलं टेंडर भरताय? तिला म्हटलं, हे टेंडर भरलं तर बहीण जाईल आणि नाही भरलं तरी जाईल.

तर ऐक. म्हणजे वाच.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी बेंजो इतका जोरात होता की मांडवाचे बांबू नाचत होते. संघमित्रा ताट घेऊन बायकांच्या बाजूला उभी होती. रस्ता खोदताना तिच्या पाळणाघराचा नळ तुटला होता, तो जोडून द्यायच्या कागदावर धनेशची सही अडकली होती. लहान पोरांना पाण्याशिवाय कसं ठेवणार? चार आया आपली पोरं काढून घेऊन गेल्या होत्या. धनेश समोर दिसला म्हणून तिने विचारलं असेल. तो तिच्या कानाशी वाकून ओरडून बोलत होता, कारण त्या आवाजात ओरडल्याशिवाय कुणाचं कुणाला पोचत नाही. त्याची पाठ तुझ्याकडे होती.

आणि तू धवला सुरू करायला हात वर केलास.

बेंजोवाले इतर कुणाला जुमानत नाहीत, पण धवलारणीचा हात वर गेला की पट्टीवरची बोटं जागच्या जागी थांबतात. ती थांबली. आपला साहेब थांबला नाही. अख्ख्या मांडवाने ऐकलं. तो तिला म्हणत होता की नळ हवा असेल तर आधी माझे हात ओले कर, फुकट सही मी सख्ख्या मामालासुद्धा देत नाही. तुला वाटलं सगळे तुझ्या गाण्यासाठी शांत झाले. तू डोळे मिटून हळदीचा धवला उचललास, आणि संघमित्राने भरलेलं ताट खुर्चीवर ठेवलं आणि ती निघून गेली.

ताई, मला वर्कशॉपच्या फाटकात उभं राहून आतल्या कुठल्या मोटरचं बेअरिंग गेलंय ते ऐकू येतं. याच कानांवर मी धंदा उभा केला. आता तळोज्याचे सगळे कारखानदार मला बोलावतात आणि मी चौकशीच्या साहेबांसमोर सांगायचं की बेंजो होता, ऐकू आलं नाही? बरं, तेही सांगितलं असतं. पण माझ्या मुलीच्या हळदीत, माझ्या मांडवात, पाहुणी उपाशी गेली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. तिने चहा दिला, कॅनच्या पाण्याचा. मी माझ्या टाकीतून पाइप टाकून दिला. ती आभार मानून म्हणाली की दादा, पाइप तुमचा आहे, काढून घ्याल तेव्हा जाईल. मला माझा नळ पाहिजे. हिची आई चांगुणाबाई नांदेडहून आली तेव्हा बांधकामावर पाणी वाहायची, हे मला ठाऊक आहे. मी तिचा चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि उठलो.

सोमवारी माझा जबाब आहे. मी ऐकलं ते सांगणार. तुला न कळवता सांगितलं असतं तर मी तुझा भाऊ नाही, म्हणून हे आधी लिहिलं. आता तू मला उंबऱ्याबाहेर उभं कर, भाऊबीजेला पाट मांडू नकोस, चालेल. म्हणजे चालणार नाही, पण सोसेन.

एक गंमत सांगू? सलूनमध्ये काल पुन्हा शिक्षा काढत होते. मला म्हणाले, धर्माशेठ, तुमची नवीन काय? मला एकही सुचली नाही. या पोराला मी खाडीत पोहायला शिकवलं. नाकातोंडात पाणी गेलं की माझ्या मानेला मिठी मारायचा. लोकांच्या साहेबाला गटारात बसवणं सोपं असतं गं. आपला असला की तिथे आधी डास किती आहेत ते बघावंसं वाटतं. नंदकिशोरने माझी दाढी मात्र पूर्ण केली.

तूच सांग याला शिक्षा काय असावी. कायदा त्याचं काम करेल, मी ते विचारत नाही. तू आई आहेस.

उत्तर दिलंस तर उपकार, शिव्या दिल्यास तर आशीर्वाद समजेन.

तुझा,
धर्मराज

*

खांदेश्वर,
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. धर्मास,
अ. उ. आ.

शिव्या देणार नाही. पत्रात शिव्या वाया जातात, समोर आल्यावर देईन, त्या निराळ्या.

पत्र वाचून मी देवापुढे बसले आणि तुझ्यावर नाही, स्वतःवर रागावले. त्याच्या बोलण्यावर मी हळदीचा धवला गायले, तो सुद्धा डोळे मिटून. मग उठले आणि वाल सोलायला घेतले. राग आला की मला सोलायला काहीतरी लागतं.

पत्र मी धनेशला दाखवलं नाही. तू लिहिलंस म्हणून त्याने कबूल करावं, त्यात काय अर्थ? परवा संध्याकाळी मी बाल्कनीत वाल घेऊन बसले. ही वेळ तू बघितली आहेस, सगळी सोसायटी खाली असते, समोरच्या विंगच्या रंगूबाई कपडे काढायला येतात. धनेशला बोलावलं आणि म्हटलं, मांडवात संघमित्राला काय बोललास ते मला सांग.

तो हळूच काहीतरी बोलला. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. त्याने कागद पुढे केला. मी म्हटलं, चष्मा आत राहिला. मग त्याने हाताने दाखवलं, की आत चल, सांगतो. मी म्हटलं, माझे गुडघे आत यायला तयार नाहीत, इथेच सांग. मग जरा मोठ्याने बोलला. ओठ बघून मला कळलं की जेवून जा असं म्हणतोय. मी म्हटलं, हे नाही. मांडवात जसा ओरडलास तसा ओरड, तिला ऐकू यावं म्हणून ओरडलास ना, मग आईला का नाही?

धर्मा, तो ओरडला. पहिल्यांदा ओरडला तेव्हा खालचं क्रिकेट थांबलं. मी म्हटलं, पुन्हा, नीट पोचलं नाही. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा रंगूबाईंच्या हातातून चिमटे पडले. वॉचमन मान वर करून बघत होता. माझे हात ओले कर, हे वाक्य बाल्कनीतून ओरडल्यावर कसं दिसतं ते त्याच्या तोंडावर मी बघितलं. तिसऱ्यांदा म्हटलं, पुन्हा. त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. ते काही माझ्या कानांमुळे नाही, खरंच आला नव्हता, खालच्या लोकांनी तसं सांगितलं.

पहिल्याच वेळी मला कळलं होतं का, असं मिथुनने विचारलं. तू विचारू नकोस.

मग तो माझ्याजवळ खाली बसला आणि वाल सोलायला लागला. वाकडेतिकडे सोलतो, अर्धा दाणा सालीबरोबर जातो. बरंच सोलून झाल्यावर त्याने माझा हात धरला, माझ्या तळहातावर बोटाने सोमवार असं लिहिलं आणि स्वतःच्या छातीकडे बोट केलं. तो सोमवारी स्वतः जाऊन सांगणार आहे. संघमित्राच्या कागदाचं सगळं दुसऱ्या साहेबाकडे द्या, असंही लिहून देणार आहे. तिच्या दाराशी काल एकटाच जाऊन आला. तिने आत घेतलं नाही. बरोबर केलं तिने.

तू शिक्षा विचारलीस. नोकरीचं आणि तुरुंगाचं मी काही बोलणार नाही, ते ज्यांचं काम त्यांनी करावं, आणि मी कुणाच्या पाया पडायला येणार नाही हे सगळ्या दिरांना सांगून टाकलं आहे. या वेळी त्यांनी बेंजो वाजवला नाही. पण तुझ्या सलूनवाल्यांना सांग की मिशी उडवून काही होत नाही, ती उगवते. जे कानात बोलतात ते त्यांना भर सोसायटीत, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायला लावा. आई ऐकू येणारी असली तरी तिने ऐकू येत नाही म्हणावं.

तुझा जबाब तू दे. पोऱ्या कबूल करतोय म्हणून तू गप्प बसू नकोस, त्याचा धीर वाटेत सुटायला नको आणि तुझ्या कानांची अब्रूही राहायला हवी. सकाळी तुझी गाडी घेऊन ये आणि त्याला बरोबर ने. जाताना तू त्याचा मामा नाहीस, साक्षीदार आहेस. वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलू नकोस, गोष्ट तर अजिबात सांगू नकोस. पण परत येताना मामा हो. तेव्हा काय ते बोल. घरी दोघांसाठी भात टाकून ठेवते, कितीही उशीर झाला तरी.

माया आहे तशीच आहे, तिची चौकशी लावू नये.

तुझी,
ताई