तड्याचा आवाज

ती. आईस पुण्याहून मालनचा नमस्कार.

गेल्या महिन्यात एका सकाळी पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, यांच्या फोटोला फूल वाहिलं आणि कारखान्यात गेले. नवे इंजिनिअर शार्दूल म्हणाले, "प्रत्येक भाग हातोडीने वाजवता, वेळ फुकट जातो. बंद करा."

"साहेब, मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो," मी म्हटलं. तडा गेलेलं लोखंड बद्द वाजतं, हे यांनीच मला शिकवलेलं. साहेबांनी ऐकलं नाही. मला झाडलोटीला लावलं. तुला कळवलं नव्हतं.

परवा तडे गेलेले भाग गिऱ्हाइकाकडून परत आले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता आम्हाला शिकवा."

तुझा गुडघा कसा आहे?

काल मी साहेबांच्या हातात हातोडी दिली आणि डोळे मिटून ऐकायला लावलं.

तुझी मालन