नाव घेऊन केलेली प्रार्थना

सातारा,
१६ सप्टेंबर १९७४

चि. सयाजी यास शालूताईचा प्रभूमध्ये सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेवटी नवे बूट घेतलेस, हे वाचून जीव भांड्यात पडला. सांगलीच्या शाळेत मास्तर झालास तरी तुटक्या चपलेनंच वर्गात जातोस, हे इथं सांगायची मला लाज वाटायची.

गेल्या पत्रात तू सहज लिहून गेलास, की आपल्या बनाबाईची अंजना, जी तुमच्याकडं नर्सिंग शिकते, ती स्टँडवर एका परक्या पुरुषाचा हात धरून टांग्यात बसताना दिसली. अरे, तिच्या लग्नाची सूचना देवळात तीनपैकी दोन रविवार वाचून झालेली! तरी मी कुणापाशी एक अक्षर बोलले नाही. चहाड्या करणं माझ्या स्वभावात नाही. बुधवारी बायकांच्या प्रार्थनासभेत मात्र उभी राहिले आणि प्रभूसमोर तिचं नाव घेतलं, की या लेकराचा पाय घसरलाय, तूच सावर. वीसबावीस बायका आमेन म्हणाल्या. त्यांत भाऊसो पंचांची हरणाबाई, म्हणजे अंजनाची होणारी सासूही होती.

काल तिसरा रविवार. पाळकसाहेबांनी सूचना वाचलीच नाही. भाऊसोंनी लग्न मोडलं. संध्याकाळी बनाबाई आली आणि आवं शालूबाई, तुमी डोळ्यांनी बघितलं का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. माझ्या भावानं बघितलं, असं मी सांगितलं. वाईट वाटतं रे. पण लग्नाआधी उघडं झालं हे बरंच म्हणायचं.

बाकी गुडघा ठणकतोय. तुझा लोभ आहेच, पत्रं तेवढी लवकर टाकत जा.

तुझी,
शालूताई

---

सांगली,
२४ सप्टेंबर १९७४

ती. शालूताईस सयाजीचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्याच दिवशी वसतिगृहावर जाऊन अंजनाला भेटलो. ताई, तो परका पुरुष नव्हता. तिचा थोरला भाऊ केरू होता. आठ वर्षांपूर्वी मिलिटरीत जातो म्हणून घर सोडून गेला आणि बनाबाईनं मेला असं समजून ज्याच्यासाठी डोळे सुजवले, तोच. त्याला महारोग झालाय. हाताची बोटं गेलीत, पाय जखमांनी भरलेत. धरल्याशिवाय त्याला टांग्यात चढता येत नव्हतं. लहानपणी मी त्याच्याबरोबर विट्या कोरल्या, पण मला चेहरा ओळखू आला नाही. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंही नाही. लिहून मात्र टाकलं.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, मी मेलो असंच तिला वाटू दे, अशी त्यानं अंजनाला बायबलवर हात ठेवून शपथ घातली आहे. मी खूप विनवलं. ती म्हणाली, लगीन गेलं ते गेलं, शब्द मोडायची न्हाई. तुला कळवायची तेवढी परवानगी दिली, तू हे कुठं बोलणार नाहीस या भरवशावर.

केरूचं नाव घेऊ नकोस. पण ५ ऑक्टोबरला प्रभुभोजनाच्या आधीची तयारीची सभा आहे. ज्यानं ज्याचं वाईट केलं त्यानं तिथं उभं राहून सांगायचं, ही आपली रीतच आहे. मी न बघता बोलले आणि ते खोटं निघालं, इतकंच सांग. मी पाळकसाहेबांना लिहितोच आहे. पण मी वर्षात दोनदा देवळात जाणारा माणूस, माझं कोण ऐकणार? साताऱ्यात तुझा शब्द चालतो.

चूक आधी माझी आहे, हे मी विसरलेलो नाही. रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

तुझा,
सयाजी

---

सातारा,
७ ऑक्टोबर १९७४

चि. सयाजी यास सलाम व आशीर्वाद.

तुझं पत्र पाळकसाहेबांनी पंचांना दाखवलं. सयाजी अंजनाची बाजू सावरतोय, असं म्हणून भाऊसोंनी ते परत दिलं. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

शनिवारी मी उभी राहिले. तोंड उघडलं आणि प्रार्थनाच बाहेर पडली. प्रभो, आमच्या जिभेनं कुणी दुखावलं असेल तर क्षमा कर. आमच्या म्हणाले रे, माझ्या नाही म्हणाले. सगळ्यांना प्रार्थना फार आवडली. हरणाबाईनं तर हात धरून कौतुक केलं. बनाबाई मागच्या चटईवर बसून माझ्याकडं बघत होती. काल प्रभुभोजनात भाकर आणि प्याला फिरला, तेव्हा तिनं न घेता पुढं दिला. मी घेतला.

वीस वर्षं बायबलबाई म्हणून बायबल वाचून दाखवत दारोदार फिरले. लोक मला बसायला पाट देतात ते माझ्या शब्दावर. तोच खोटा ठरला तर उद्या मला कोण आत घेईल? नाताळापर्यंत थांब, मी सांगेन, नक्की सांगेन. बनाबाईला ताप येतोय आणि खोकला हटत नाही. अंजनाला कळव.

मला भित्री म्हण, पण बहीण म्हणायचं सोडू नकोस.

शालूताई

---

सांगली,
२७ जानेवारी १९७५

ती. शालूमावशीस अंजनाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि पाळकसाहेबांचंही. ५ तारखेला तुम्ही भर उपासनेत उभं राहून सांगितलंत, की न बघता बोलले, ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे कळल्यावरही तीन महिने गप्प बसले. हरणाबाई उठून बाहेर गेल्या म्हणे. तेव्हापासून दोन घरांनी तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं, हेही कळलं. याला धीर लागतो, तो तुम्ही दाखवलात. भाऊसोंकडून सूचना पुन्हा वाचायचा निरोप आला होता. मी नको म्हणून कळवलं.

तुम्ही क्षमा मागितलीत. प्रभूची आज्ञा आहे, म्हणून मी केली असं लिहिते. मनानं अजून झालेली नाही. झाली आहे असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. होईल तेव्हा मी स्वतः येऊन सांगेन.

आई जाताना माझ्याबद्दल काही बोलली का, असं तुम्ही विचारलंत. डिसेंबरात मी घरी पोचले तेव्हा तिला उठवत नव्हतं. ती माझ्या हातचं पाणी घेईना. शेवटी मी केरूदादाला दिलेला शब्द मोडला. तो जिता हाय, आजारी हाय, माझ्याबरोबर तोच होता, सगळं सांगितलं. ती म्हणाली, की पाप झाकायला मेलेल्या भावाला उठवू नगंस. शालूबाई देवाम्होरं खोटं बोलायची न्हाई. तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी गेली.

मी सांगलीला परत आल्यावर केरूदादानं विचारलं, की मी जिता हाय हे आईला सांगितलंस का. मी व्हय म्हटलं. त्यानं विचारलं, आई काय म्हणाली. लय आनंदली, तुझं नाव घेतच गेली, असं मी सांगितलं. तेव्हापासून तो जेवायला लागला आहे.

लोभ ठेवा. मीही ठेवायचा प्रयत्न करते आहे.

आपली,
अंजना