दोन किलो धान

अण्णा, परवा भंडाऱ्याला जायचंय, तर तुमच्या नातीनं मला न विचारताच नागपूरचं विमानाचं तिकीट काढलं. मी ते रद्द करायला लावलं. "बाबा, अख्खा दिवस रस्त्यात घालवणार?" घालवणार. तुमच्यामागं पिरंगुटचा आपला भातगिरणीच्या मशिनींचा कारखाना मीच चालवतोय. कुठं उडायचं आणि कुठं गाडी काढायची, हे मला आता कुणी शिकवायला नको. नुसती बोलणी असतील, सही घ्यायची असेल, तर विमान. मुळशीतून लोहगावचा विमानतळ गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, तरी विमानच. याला तुम्ही थेरं म्हणाला असता आणि ते चुकीचं ठरलं असतं.

पण मशीन ठरवायची असेल तर गाडी. गिऱ्हाइकाच्या घरचा भात पोत्यानं आणायचा, आपल्या शेडमध्ये तासभर चालवायचा, तांदूळ तुटून कणी किती पडते ते बघायचं, मगच मशीन द्यायची, ही तुमची रीत. एकदा मी कर्जतहून रिकामा आलो, तर तुम्ही जेवता जेवता सगळ्या कामगारांसमोर म्हणालात, "पोतं कुटं हाय? न्हाई आनलं? मग गेलतास कशाला, तोंड दाखवाया?" मला लई राग आला होता.

तीन वर्षांपूर्वी भंडाऱ्याजवळच्या एका बाईंनी नवऱ्यामागं गिरणी काढायची ठरवली. मी विमानानं गेलो आणि बॅगेत मावलं तेवढं, दोन किलो धान घेऊन आलो. भाताला तिकडं धान म्हणतात. शेडमध्ये मशीनला लावलं, तर रोल तापायच्या आत संपलं. कणी नाही, मी खूश, मशीन पाठवून दिली. हंगामात मात्र तिकडं तासन्‌तास चालून मशीनचे धान सोलणारे रबरी रोल तापले आणि बाईंचा फोन आला, "भाऊ, अर्धा तांदूळ तुटून राहिला ना जी. लोक धान परत घेऊन चालले." मी मिस्त्रीला घेऊन तसाच गाडीनं निघालो. चार दिवस तिथं राहिलो, रोल बदलले, मशीन नीट लावून दिली. आज त्यांची गिरणी झकास चालते. दुसरी मशीन घ्यायला परवा त्यांनीच बोलावलंय.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहितो. धान ओलं आहे, म्हणून तांदूळ तुटतो, असं मी तेव्हा त्यांना सांगितलं होतं. निघताना त्या हात जोडून म्हणाल्या, "मलाच वाळवता नाही आलं जी, तुम्हाला उगाच त्रास दिला." अण्णा, धान चांगलं खडखडीत वाळलेलं होतं. आणि मी ती माफी घेतली.