कुंडीतलं परकं पिल्लू

३ एप्रिल, सकाळी ७.१०
आजपासून शास्त्रीय निरीक्षण. बाल्कनीतल्या कुंडीत शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलंय. चार अंडी, त्यातलं एक जरा मोठं. रोज सहाला उठायचं. (आज सात. पहिलाच दिवस.)
ताईचा फोन. पोरीला कधी नेतोस? बायको वारली तेव्हा दीड वर्षाच्या चिमीला चार दिवसांसाठी ताईकडे ठेवलं, त्याला अडीच वर्षं झाली. म्हटलं, रविवारी नक्की.

९ एप्रिल
रविवार हुकला. अंडी कधीही फुटतील. अशा वेळी घर सोडणं बरं नव्हे.

१२ एप्रिल
मोठ्या अंड्यातलं पिल्लू काल बाहेर आलं. आज बाकीची तिन्ही अंडी फरशीवर! त्यानेच ढकलली. पुस्तकात पाहिलं. हे कोकिळेच्या जातीतलं. आईबाप अंडं दुसऱ्याच्या घरट्यात टाकून मोकळे. जनाची नाही, निदान मनाची तरी? पानभर राग लिहिला. मग खोडला.

१७ एप्रिल
शिंपीण तासाला बावीस खेपा करते. (पंधरा पाहिल्या, सात अंदाजे. डुलकी लागली.)
ताई म्हणाली, चिमीला ताप होता, आता उतरलाय, तू दगदग करू नकोस. समजूतदार बाई. तरी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२३ एप्रिल
पिल्लू शिंपिणीच्या तिप्पट. भरवायला ती त्याच्या डोक्यावर उभी राहते. बघवत नाही. फार अपराधी वाटतं. मोठं अंडं पहिल्या दिवशीच दिसलं होतं, तेव्हाच उचलायला हवं होतं. तिची मनोमन माफी मागितली.
ताईने विचारलं, शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून कुणाचं नाव घालू? म्हटलं, तुझंच घाल, सोयीचं पडेल. फोन कट झाला. नेटवर्क खराब.

२८ एप्रिल
पिल्लू उडालं. शिंपीण चोचीत अळी धरून तासभर कुंडीवर बसली होती. आता सबब नाही. म्हणजे, अडचण नाही. चिमीची खोली झाडली. उद्या तिला आणतोच.

२९ एप्रिल
दार चिमीनेच उघडलं. आत वळून ओरडली, आई, मामा आलेत. ताईची मुलं मला मामाच म्हणतात, तिची काय चूक? ताई ओशाळली. म्हणाली, मामा नाही गं, बाबा. चिमीने मान डोलावली, पाणी आणून दिलं आणि विचारलं, मामा, तुम्ही जेवून जाणार ना?
हो म्हणालो.
जेवून आलो.