आहेरात आलेले सुटे भाग

प्रिय आकू,

"महागातलं महाग सामान एका डब्यात कोंबलं म्हणजे मशीन होत न्हाई, ताई. त्यांचं एकमेकांशी जमाय पाहिजे." हे तू आमच्या पुढच्या खोलीत, फरशीवर मांडी घालून, ओठांत स्क्रू धरून म्हणाली होतीस. तुला कदाचित आठवणारही नाही. प्रज्ञेश तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी त्याचं चालणं थांबून घरात चाकाची खुर्ची आली होती. तू नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस. सुट्टीत आलीस ती दोन्ही हातांत खोकी घेऊनच. त्याची खुर्ची शेजारी ओढलीस आणि एकेक भाग त्याच्या मांडीवर ठेवून ओळख करून दिलीस. हा मदरबोर्ड, याच्यावर समदे बसतात. हा प्रोसेसर, हा विचार करतो. हा पॉवर सप्लाय, हा समद्यांना जेवू घालतो. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आई." तू इतकी हसलीस की स्क्रू तोंडातून निसटला आणि कपाटाखाली गेला.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आई नरसीलाच आहे, गुडघे धरून बसते, पण हिंगोलीला राहायला चल म्हटलं की तिला शेळीची आठवण येते. मामंजींचं पुसेगावचं सोयाबीन बरं आलं. आमचे हे पंचायत समितीत सकाळी जातात, संध्याकाळी येतात, दोन्ही वेळा प्रज्ञेशला उचलतात, आणि त्याचं वजन वाढलं की आपलं वय, याच्यावर बापलेकांचा वाद चालतो. हे सगळं तुला फोनवरही सांगितलं असतं. पण फोनवर तू आईचे गुडघे विचारतेस, पाऊस विचारतेस, आणि मी "प्रज्ञेशला देऊ का" म्हटलं की तुझ्या दारावर कोणीतरी आलेलं असतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र अर्ध्यात ठेवता येतं, पण ठेवलेलं पुन्हा उचलताही येतं.

तू बांधून दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यानं काय काय केलं, हे तुला नीटसं माहीत नसेल. शाळेतली पोरं सायकलवरून पुढे निघून गेली, तेव्हा त्यानं तिथे नवी पोरं मिळवली. चौघांची टोळी आहे. एक परभणीचा, एक अकोल्याचा, एक तर कुठला तरी नेपाळकडच्या तराईतला, त्याची हिंदी ऐकून आम्ही हसतो. खेळात शत्रूच्या गढीवर चाल करायची असली की आमचा प्रज्ञेश कप्तान. उजव्या हाताची बोटं आणि डावा अंगठा, एवढंच आता त्याचं चालतं. ह्यांनी सुताराकडून माऊसखाली एक उतरता ठोकळा करून घेतला आहे, मनगट त्याच्यावर टेकवलं की काम भागतं. त्या तिघांना खुर्चीबद्दल काही ठाऊक नाही. मी एकदा म्हटलं, सांगून टाक. तर म्हणतो, "काहून? तिथं तर मी पळून राहिलो न."

गेल्या वर्षी ती टोळी नव्या खेळावर गेली. आपल्या जुन्या मशीनला तो खेळ झेपेना. चित्र अडकायचं, आणि चित्र सुटेपर्यंत प्रज्ञेश मेलेला असायचा. म्हणजे खेळात. लिहून गेले आणि हात थांबला बघ. तो सारखा म्हणायचा, "रुको, रुको, हँग हुआ." एकदा त्या अकोल्याच्या पोरानं गमतीत म्हटलं, "कप्तान, वो भंगार बेच दे और उस पैसे की भजी खा." हा हसला, आणि मला म्हणाला, "आई, कानावरचं हेडफोन काढ." नंतर ते तिघंच खेळू लागले. हा त्यांचं बोलणं ऐकत बसायचा.

ही गोष्ट मी नणंदेला सांगितली, नणंदेनं पुसेगावला सांगितली, आणि श्रावणात त्याला अठरा पूर्ण झाली तेव्हा सगळी माणसं आहेर घेऊन आली. तुला आपल्या लोकांची रीत माहीत आहे. काय आणू म्हणून कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याला द्यायचं नसतं म्हणूनच तो विचारतो, असं समजतात. कोणी कोणाला विचारलं नाही. मोठ्या दिरांनी औरंगाबादहून तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आणलं, विटेएवढं. नणंदेनं रॅम आणली, दुकानात सगळ्यात नवी म्हणून मागून घेतलेली. मामंजींनी हे सगळं ज्यात बसवायचं ते रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, जीपमध्ये ते मांडीवर घेऊन आला. म्हणाले, "मला आतलं काही कळत न्हाई, पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसारखं दिसतंय म्हणून घेतलं." आईनं तर आपल्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर आणला. "लाईट कमीजास्त होती, लेकराच्या मशीनला तकलीफ नको." प्रज्ञेश त्या दिवशी किती हसत होता ते मी तुला कसं सांगू. एकेक खोकं त्याच्या मांडीवर ठेवत होते आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "हेच पाहिजे होतं."

आणि तुझं पार्सल त्याच्या आदल्या दिवशी आलं होतं. आत प्रोसेसर, आणि चिठ्ठी नाही. त्यानं ते खोकं सगळ्यांत शेवटी उघडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शिवशंकरला बोलावलं. बसस्टँडकडे त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं झाकण काढलं, सगळं सामान सतरंजीवर मांडलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "वहिनी, माल समदा एक नंबर हाये. पण हे म्हणजे बूट एका मापाचे, मोजे दुसऱ्या मापाचे, अन् पाय तिसऱ्याचाच." नवी रॅम जुन्या बोर्डात बसत नाही, तिची खाच वेगळ्या जागी. विटेएवढ्या कार्डाला जेवढी वीज लागते तेवढी जुना पॉवर सप्लाय देऊ शकत नाही, आणि ते मामंजींच्या कॅबिनेटमध्ये मावतही नाही. मी म्हटलं, मग बदलून आणू. हे दिरांशी फोनवर बोलले. दीर एवढंच म्हणाले, "आहेर बदलून आणायची रीत कधीपासून सुरू केली रे तुमी?" आणि फोन ठेवला. नणंदेचं कार्ड ठेवलं असतं तर दिरांना लागलं असतं, दिरांचं परत केलं असतं तर मामंजींना. बघ, मी आत्ताच नणंदेचं कार्ड लिहिलं, तिची रॅम. माझं डोकं असं झालं आहे.

पण तुझ्या प्रोसेसरबद्दल मला सांगायचं आहे. तोही बसला नाही. शिवशंकर म्हणाला, हा दुसऱ्या कंपनीचा, याला खाली सपाट ठिपके आणि आपल्या बोर्डात भोकं. मला आधी वाटलं, आकू चुकली. तू कधी चुकत नाहीस म्हणून आश्चर्य वाटलं. तेव्हा प्रज्ञेश म्हणाला, "मावशी चुकली न्हाई. तिनं बसवलेल्या बोर्डाला हाच लागत होता. याच्याहून चांगला त्या बोर्डाला चालतच न्हाई." मागे एका वळवाच्या पावसात गल्लीतल्या खांबावर वीज पडली आणि तुझा बोर्ड गेला. शिवशंकरनंच त्याच्याकडचा दुसरा टाकला होता. तुला ते माहीत नव्हतं. म्हणजे तू सोडून गेलेला कॉम्प्युटर तुला स्क्रूसकट पाठ आहे, फक्त तो आता इथे नाही. आतला बोर्ड कोणता, हे एका फोनवर कळलं असतं. पण ते स्क्रीनवर बघून सांगणारा आमच्या घरात एकच माणूस आहे, आणि त्याच्याशी तुला बोलावं लागलं असतं.

यातून वाट निघत नव्हती असं नाही. शिवशंकर म्हणाला, नवा बोर्ड, त्याला चालणारा प्रोसेसर अन् मोठा पॉवर सप्लाय घ्या, बाकीच्या समद्यांचं जमवून देतो; कॅबिनेटचं दार कापावं लागेल, पण जमवतो. फक्त तुझा प्रोसेसर बाजूला राहिला असता. प्रज्ञेश नाही म्हणाला. मग तुझ्या प्रोसेसरला चालेल असा जुना बोर्ड शोधू म्हटलं, पण त्यात नणंदेची रॅम बसली नसती, तर म्हणाला, "आत्या, काका, समद्यांना मी हेच पाहिजे होतं म्हणलोय." मी विचारलं, मग करायचं काय बाळा? तो म्हणाला, "मावशी येऊन ठरवल. तवर झाकण लावू नका."

झाकण उघडंच आहे, आकू. गणपती येऊन गेले, दसऱ्याचं प्रदर्शन भरलं आणि उठलं, दिवाळीही झाली. हे रोज ऑफिसला जाताना मशीनवर माझी जुनी साडी पांघरतात, धूळ बसू नये म्हणून. प्रज्ञेश आता त्या तिघांचं बोलणंही ऐकत नाही. दुपारी म्हणतो, "मला भिंतीकडं वळव." त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणजे भिंतीकडे त्याचं तोंड माझ्याच हातांनी करावं लागतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीचे स्नायू थकलेत, झोपताना श्वासाचं मशीन लावलंच पाहिजे. तो मास्क लावू देत नाही. ह्यांनी समजावलं, मी रडले, मामंजी येऊन दोन दिवस पायाशी बसले. तो फक्त मान हलवतो, तीही आता थोडीच हलते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्क नाही लावला तर हा हिवाळा अवघड आहे. मी घरी येऊन भाकरी थापल्या. दुसरं काय करणार होते?

आता जे आपण दोघींनी कधीच बोललेलं नाही, ते लिहिते. स्नायूंचा हा आजार आपल्याकडून येतो, आईकडून मला आणि तुला. बायका धरून ठेवतात आणि पोरं भोगतात. तुला दिवस गेले तेव्हा तू तपासून घेतलंस, मुलगा होता, आणि त्याच्यातही तेच होतं. पुढचं तू आणि जावयांनी ठरवलंत. आईनं सगळ्यांना "पडलं" म्हणून सांगितलं. मी तुझ्याकडे पुण्याला यायला निघाले होते, तू म्हणालीस, "तू नको येऊ ताई. दुसरं कोणीपण येऊ दे." मला त्याचा राग आला नाही. तू काय बघून ठरवलंस हे मला माहीत होतं. तू माझं घर बघून ठरवलंस. प्रज्ञेशच्या वेळी मला कोणी तपासून सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मी स्वतःला देते तेव्हा तो पलीकडच्या खोलीतून "आई" म्हणून हाक मारतो, आणि ते उत्तर मला पुरं करता येत नाही. तेव्हापासून तू हिंगोलीला आली नाहीस. आईला भेटायला नरसीपर्यंत येतेस आणि तिथूनच परत जातेस. मी कोणाला काही विचारलं नाही. मला वाटायचं, त्याला कळत नाही तोवर बरं आहे.

रविवारी दुपारी मी त्याची नखं काढत होते. तो म्हणाला, "आई, मावशीच्या बाळाचं मला ठाऊक हाये." माझ्या हातातलं नेलकटर थांबलं. त्यानं तुझ्याच कॉम्प्युटरवर हे सगळं वाचलं होतं, कोणाकडून कोणाला जातं ते, आणि आजी "पडलं" म्हणाली तेव्हा त्यानं ते मनातल्या मनात जुळवलं होतं. इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाही. म्हणाला, "तिनं बराबर केलं का चूक, ते तिचं तिला माहीत. मी काही म्हणत न्हाई. पण ती मला भेटायची काहून बंद झाली? मी तर जन्मून बसलोय न." मग म्हणाला, "नखं काढ, राहिलीत." आकू, हे पत्र त्यासाठी आहे. मशीनसाठी नाही, ते शिवशंकर कसंही करेल. तू ये आणि त्याच्यासमोर बस. त्याला जे विचारायचं आहे ते विचारू दे. तुझ्याकडे उत्तर नसलं तर नको देऊस, पण तिथून उठू नकोस. तू नाही म्हणशील. सुट्टीचं म्हणशील, तब्येतीचं म्हणशील, किंवा काहीच म्हणणार नाहीस आणि पुढच्या फोनवर पाऊस विचारशील. मी तुला कडेवर वाढवलंय, तुझा नकार मला तू बोलायच्या आधी कळतो, आणि तो मला आत्ताच ऐकू येतो आहे. तरीही मागते. एकदा ये, आणि माझ्या लेकराकडे बघ.

तुझीच ताई,
पल्लवी