चष्म्याचा प्रोग्राम आणि कपाटातला फोन

तीर्थरूप मामांना,

कॉलेज अर्धवट सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (बसल्या जागेवरूनच, उठलो तर कॉम्प्युटरची वायर निघते). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझं नाव निघालं की मामी अजून भांडी आपटतात का? इकडे काका-काकूंकडे सगळं ठीक आहे, फक्त कुणी कुणाशी बोलत नाही.

चष्म्याच्या दुकानातली ती तुम्हाला आठवत असेल. (तुम्ही फ्रेमा बघत होतात, मी नव्हतो.) ती सहज म्हणाली, गिऱ्हाइकाच्या फोटोवर कॉम्प्युटरने फ्रेम चढवून दाखवता आली तर बाबांचं दुकान कसलं चालेल. मी म्हणालो, शनिवारी देतो. मामा, ती हसली. त्या हसण्यावर माणूस धरण बांधून देईल, मी तर नुसता प्रोग्राम कबूल केला.

आता फोटो उघडायला लायब्ररी लागते, म्हणजे कुणा भल्या माणसाने लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलेलं तयार काम. ते टेलिफोनच्या तारेतून थेंबथेंब उतरतं. काठाशी आलं की काकू बहिणीशी बोलायला रिसीव्हर उचलायची आणि सगळं बुडायचं. शेवटी मी फोनच कपाटात कोंडला आणि किल्ली गळ्यात घातली. काकूने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि काका गप्प बसले म्हणून त्यांच्याशीही. त्या शांततेत लायब्ररी उतरली.

कंपाइल करायला (म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायला) घेतली तर तिला म्हणे आधी दुसरी लायब्ररी हवी, दुसरीला तिसरी. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने अख्खं सासर घेऊन यावं, तसं. सगळ्या आणल्या, तर पडदाभर चुका. माझं डोकं फिरलं. लिहिणाऱ्याला खरमरीत ईमेल ठोकून त्याच्या अकलेची चौकशी केली. त्याने गोड उत्तर दिलं, की सोबत 'आधी मला वाचा' नावाची फाइल आहे, ती आधी वाचावी. (वाचली. उपाय पहिल्याच ओळीत होता. कॉलेजही याच स्वभावापायी सुटलं असं तुम्ही म्हणाल, म्हणू नका.)

आणि मामा, झालं कंपाइल. मी खुर्चीसकट नाचलो. शनिवारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिच्या बाबांचा फोटो चढवला, आणि फ्रेम थाटात त्यांच्या मिशीवर बसली. बाबा हसून बेजार. ती मात्र नाही.

"आठवडाभर तुझा फोन एंगेज. बोलत तरी कुणाशी होतास?"

"मी नाही, कॉम्प्युटर बोलत होता."

"हो का? दिसायला कशी आहे? सिनेमाला येतोस का विचारायचं होतं. गेले मग आत्याला घेऊन."

जी लायब्ररी तिच्यासाठी उतरवली, त्या लायब्ररीनेच तिचा फोन अडवला. तेव्हापासून मी दुकानात शिरलो की ती काचा पुसायला घेते.

तुमचाच, डोकं थंड ठेवणारा भाचा

ता. क. पत्र मिळताच दुकानात फोन करून सांगाल का, की मुलगा सरळ आहे आणि लाइन खरंच मशीनने अडवली होती? मोठ्या माणसाचं ती ऐकेल.

ता. क. २. तो स्वतः का फोन करत नाही, असं ती विचारेल. विषय बदला. फ्रेम नाकावर बसवणारी लायब्ररी मोठी आहे, तुम्हाला पत्र पोचेल तेव्हाही उतरतच असेल.

ता. क. ३. विरघळली, तर म्हणावं सरळ घरी ये. दार काकू उघडेल (बोलणार नाही, पण उघडेल). मला उठता येणार नाही.